‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे होकार नव्हे : एकट्या ज्येष्ठांच्या घरी काम करताना

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या गावांत एक घर सारखं भेटतं. दोन मजली बंगला, गेटवर मुलाचं नाव, वरचा मजला कुलूपबंद आणि खाली सोप्यात एका कॉटभोवती आजीचा सगळा संसार. खानापूर-आटपाडीकडची पोरं सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगलेली. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी उत्तर प्रदेशात. यात्रेला आणि मे महिन्यात घर भरतं. एरवी आजी एका भाकरीसाठी तवा ठेवते, नाहीतर ठेवतच नाही.

मी बावीस वर्षं याच भागात समाजकार्यकर्ती म्हणून फिरते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करणारी मुलं-मुली क्षेत्रकार्याला माझ्याबरोबर येतात, गावोगावच्या आशाताई (आरोग्यसेविका) फोन करून विचारतात. हल्ली गलाईवाल्या मुलांचेही फोन येतात, ‘ताई, आमच्या आईकडं जरा बघाल का?’ म्हणून. त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते, ते इथं लिहून काढते आहे.

पहिल्या भेटीला फाईल नेऊ नका

सकाळी दहा-साडेदहाला जा. त्याआधी आंघोळ-देवपूजा चाललेली असते आणि दुपारी जेवण झालं की डोळा लागतो. आजी कॉटवर असतील तर खुर्ची मागू नका, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसा. वरून विचारलं की माणूस सरकारी माणसाला देतात तशी उत्तरं देतो. दाराच्या किंवा खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून बसा, म्हणजे तुमचे ओठ त्यांना दिसतील. ‘म्हातारी विसरते हो’ असं ज्यांच्याबद्दल घरचे सांगतात, त्यातल्या कितीतरी जणींना खरं म्हणजे नीट ऐकूच येत नसतं. ओरडू नका, सावकाश आणि जाड आवाजात बोला.

आधार कार्ड पहिल्या दिवशी अजिबात मागायचं नाही. ते मागितलं की आजीला वाटतं, हे काहीतरी द्यायला आलेत. मग ती आपली अडचण योजनेच्या मापात बसवून सांगते. खरी अडचण पोटातच राहते.

‘कसं चाललंय?’ हाही प्रश्न कामाचा नाही. त्याचं उत्तर ‘चाललंय की’ एवढंच येतं. त्यापेक्षा ‘काल दिवसभर काय काय केलंत?’ असं विचारा. काल सकाळी चहा-बटर, दुपारी काही नाही, रात्री दुधात भाकरी कुस्करून, मग टीव्ही लावला पण आवाज बारीक येत होता, रात्री तीनदा उठावं लागलं... एका ‘काल’मधून जेवण, कान, लघवीचा त्रास आणि झोप, सगळं कळतं.

आणि प्यायला पाणी मागा. आजी कशी उठते, उठताना कशाला धरते, उंबऱ्यापाशी थांबते का, तांब्या उचलताना हात थरथरतो का, हे डोळ्यांनी बघायला मिळतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो हे डॉक्टर मोजतात, कारण त्यावरून पडायचा धोका कळतो. आपल्याकडं घड्याळ नसेना का, माठ तर असतो. मात्र तोल जाताना दिसला तर लगेच उठून सोबत चाला.

चंचीतल्या गोळ्या

औषधं ‘दाखवा’ म्हणू नका, ‘कुठं ठेवता?’ विचारा. लेंगऱ्याच्या बाजूच्या एका आजींनी मला उत्तरादाखल कनवटीची चंची सोडून दाखवली. सुपारी, चुन्याची डबी, आणि त्यातच सुट्या गोळ्या. पाकिटं काढून टाकलेली. त्या गोळ्या रंगावरून ओळखायच्या: तांबडी सकाळची ‘रगताच्या दाबाची’, पांढरी जेवणाआधीची ‘साखरंची’. आदल्या महिन्यात दुकानदारानं दाबाची तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली होती, ती निघाली पांढरी. आजींना वाटलं साखरेची जादा आली, म्हणून त्यांनी ती बाजूला काढून ठेवली. महिनाभर दाबाची गोळी पोटात गेलीच नव्हती, आणि लेक फोनवर रोज विचारत होता, ‘आई, गोळी घेतली ना?’ आणि आई रोज खरंच सांगत होती, ‘घेतली.’

आम्ही दोन कापडी पिशव्या शिवल्या. एकीवर पिवळ्या दोऱ्यानं सूर्य, दुसरीवर काळ्या दोऱ्यानं चंद्र. गोळ्या पाकिटासकटच ठेवायच्या, पाकिटाची कड कातरायची नाही, कारण नाव आणि मुदत तिथंच असते. सूर्याची पिशवी चहाच्या डब्याशेजारी, चंद्राची उशाशी. दुसरी गोष्ट, घरात सापडेल ते सगळं औषध, काढा, चूर्ण, ‘गुडघ्याची पुडी’ एका पिशवीत भरून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपुढं ओतायचं. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिलेलं मी कैकदा बघितलंय. पण कुठली गोळी बंद करायची हे आपण कधीच सांगायचं नाही. ते डॉक्टरांचं काम. आपलं काम पिशवी तिथवर नेण्याचं.

‘वय झालं’ हे निदान नव्हे

हे मी प्रत्येक नव्या मुलीला पाठ करायला लावते. दोन-चार दिवसांत माणूस अचानक बरळायला लागला, दिवस-रात्र कळेना, झापड यायला लागली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीचा संसर्ग, अंगातलं मीठ किंवा साखर कमी होणं, नवं औषध, न्युमोनिया, पडून डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वर्ष-सहा महिन्यांत हळूहळू विसर वाढत गेला, ओळखीच्या वाटेवर चुकायला झालं, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी लागते. आणि जेवणावरची वासना उडाली, देवळात जाणं सुटलं, ‘आता बोलावणं यावं’ असं सारखं तोंडात यायला लागलं, तर ते उदासीनतेचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘मरायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो.

माझ्या हातून झालेली चूक

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आबा होते. जमीन मुलाला बक्षीसपत्र करून दिलेली. मुलगा त्याच गावात, वस्तीवर राहायचा. सून आधी डबा पाठवायची, पुढं तो बंद झाला. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा तेव्हा नवा होता आणि मला तो चांगला पाठ होता. आबांना म्हटलं, ‘प्रांतांकडं अर्ज करूया. पोटगी मिळेल.’ (प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी.) आबा म्हणाले, ‘तुम्ही म्हणाल तसं, बाई.’ मी कागद केले, अंगठा घेतला. निकाल आबांच्या बाजूनं लागला, महिना चार हजार रुपये. पैसे वेळेवर यायचे. तीन महिन्यांनी मी गेले तेव्हा आबा निम्मे झाले होते. म्हणाले, ‘पैसं येत्यात. पण पोरगं वाटंत गाठ पडलं तर तोंड फिरवून जातंय. मला एवढंच पायजे हुतं, सांजच्याला यकदा यिऊन बसावं त्यानं.’

मी हे त्यांना आधी विचारलंच नव्हतं. अर्ज करायचा का, एवढंच विचारलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘बघा तुमच्या मनानं’, ‘मला काय कळतंय’ ही तिन्ही उत्तरं मी नकार म्हणूनच धरते. मग समोर सगळ्या वाटा मांडते: मी मुलाशी बोलून बघू शकते, गावातल्या कुणा मोठ्या माणसाला मध्ये घालता येईल, अर्ज करता येईल, किंवा सध्या काहीच करायचं नाही, हीसुद्धा एक वाट आहे. प्रत्येक वाटेनं गेल्यावर घरात काय होईल तेही बोलते. उठून येते. आठ दिवसांनी जाऊन तेच पुन्हा विचारते. तोवर कागद कुठंही जात नाही. दोन्ही वेळेला उत्तर एकच आलं, आणि ते त्यांच्या शब्दांत आलं, तरच पुढं.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं असेल तिथं मात्र आठ दिवस थांबायचं नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पण तिथंही माणसाला सांगून, त्याला धीर देऊन फोन करा.

हे सगळं एकांतात व्हायला लागतं. सून दारात उभी असेल किंवा लेक फोनच्या स्पीकरवर असेल, तर ते बोलणं धरूच नका. ‘आजी, परड्यातली झाडं दाखवा की’, ‘चला, मारुतीपर्यंत जाऊन येऊ’ असं म्हणून बाहेर काढा. चालता येत नसेल तर दोघी जा. एकीनं सुनेशी स्वयंपाकघरात बोलायचं. ते बोलणंही नुसतं निमित्त नसतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या सुनेला ‘तुमची झोप होते का?’ असं कुणी विचारलेलंच नसतं. मी विचारलं तेव्हा एक बाई हातातलं उलथणं तव्यावर तसंच ठेवून रडायला लागली. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली तर सासूचेही हाल कमी होतात. नणंदेला, जावेला फोन लावून ती दुपार मिळवून देणं हे आपलं काम आहे.

कायदा कधी आणि कसा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. साठ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला अर्ज करता येतो, आणि स्वतःला जमत नसेल तर त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला त्याच्या वतीनं करता येतो. न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात असतं. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च ठरवता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे; सज्ञान नातवंडंही त्यात येतात. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडं पाठवायची सोय कायद्यातच आहे. आमच्या आबांच्या वेळी ती मी मागायला हवी होती. आता अर्ज करायचाच झाला तर मी ती आवर्जून मागते.

बक्षीसपत्राबद्दल एक गोष्ट मोठ्यानं सांगते. कलम २३ प्रमाणे सांभाळ न केल्यास मालमत्तेचं हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी ‘सांभाळ करण्याच्या अटीवर देतो’ हे दस्तात स्पष्ट लिहिलेलं असावं. ते नसेल तर भांडण फार अवघड जातं. म्हणून सही करायला निघालेल्या प्रत्येक आबा-अण्णांना आधी विचारा: अट लिहिलीय का, आणि राहतं घर तरी स्वतःच्या नावावर राहतंय का. तुम्ही स्वतः मात्र अशा कुठल्याही दस्तावर साक्षीदार म्हणून सही करू नका. एटीएम कार्ड, पिन, पासबुक ‘तुमच्याकडंच ठेवा बाई’ म्हणून देतात, तेही घेऊ नका. विश्वासानं देतात हे खरं, पण उद्या घरात भांडण झालं की तुमचं त्या घरातलं येणं-जाणं बंद होतं आणि आजी परत एकटी पडते.

पैसा आणि कागद

श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो. महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून खात्याला आधार जोडलंय का हे आधी बँकेत बघून घ्या. वर्षातून एकदा हयातीचा दाखला चुकला की पैसे थांबतात. मी प्रत्येकाचा महिना वहीत पहिल्या पानावर लिहिते.

बोटांचे ठसे घासून गेलेले असतात. आयुष्यभर खुरपं धरलेल्या, शेणानं सारवलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही, आणि रांगेतली माणसं त्या बाईकडं तिनं काही लबाडी केल्यासारखी बघतात. आधार केंद्रात नेऊन डोळ्यांची आणि बोटांची नोंद अद्ययावत करून घ्या, मोबाइल नंबर जोडून घ्या, आणि त्या दिवशी त्यांच्याजवळ उभे राहा. नावातलं ‘बाई’ एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, तेही त्याच फेरीत एकसारखं करून घ्यायचं.

बंगल्यातली आजी मात्र या उत्पन्नात बसत नाही. घर मुलाचं, गाडी मुलाची, तिच्या हातात रोख शंभर रुपये नाहीत. किराणा लेकाच्या नावावर उधार येतो, पण देवळातल्या ताटात टाकायला, नातीच्या हातावर ठेवायला काही नसतं. मी मुलांना सांगते: दर महिन्याला ठरलेली रक्कम आईच्या स्वतःच्या खात्यावर टाका आणि हिशोब मागू नका. पोस्टमन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या यंत्रावर घरी येऊन पैसे काढून देतात. सत्तर वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, ती शाखेत मागा.

सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. बंगल्यातल्या आजीलाही मिळतं. एसटी ७५ नंतर मोफत आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

दवाखान्यातून घरी

खुब्याचं हाड मोडलं की बहुतेकदा सांगली-मिरज गाठावं लागतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं; भरती झाल्याच्या दिवशीच त्यांना गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. योजनेची कागदपत्रं, एकट्या माणसाजवळ कोण थांबणार, वॉकर कुठून, हे सगळं त्यांच्याशी बोलायचं असतं. आणि रुग्ण घरी यायच्या आधी आपण घर बघून यायचं. न्हाणीत बुळबुळीत फरशी, रात्री मिणमिणता दिवा, कॉट फार उंच. गावातल्या वेल्डरकडून भिंतीला लोखंडी पाइप बसवून घ्यायला एक दिवस पुरतो. बंगल्यातली चकचकीत फरशी तर म्हाताऱ्या पायांची वैरीच आहे. चालायच्या वाटेवर घसरणार नाही असं काहीतरी चिकटवा, सुटी पायपुसणी उचलून टाका.

पलूस, वाळवा, मिरजेच्या नदीकाठी काम करत असाल तर आणखी एक काम, पावसाळ्याआधी. ज्यांना स्वतः चालता येत नाही त्यांची यादी, नावापुढं उचलून नेणाऱ्या दोघांची नावं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही पाण्याची इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. चाळीसची वाट बघू नका, ही माणसं त्याआधी हलवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात छावणीत मदतीला गेले होते तेव्हा कितीतरी म्हातारी माणसं चष्मा, कवळी, गोळ्या काहीही न घेता आलेली बघितली. कवळीवाचून त्यांना छावणीतली चपाती चावत नव्हती. एका पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या, जुना चष्मा, कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, एवढं जूनमध्येच दाराशी टांगून ठेवा.

मुलांशी बोलताना

गलाईवाल्या मुलाला रात्री नऊनंतर फोन करा, दिवसा तो भट्टीपाशी किंवा गिऱ्हाईकात असतो. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘आई आज बरी आहे, मी जाऊन आले’ इथून सुरुवात करा, नाहीतर परमुलखात त्याच्या काळजाचं पाणी होतं आणि मग तो रागानं बोलतो. यात्रेला सगळे जमले की तासभर बसवा. कोण पैसे टाकणार, कोण महिन्याला येऊन जाणार, रात्री फोन कोण करणार, दवाखान्याचा निर्णय कोण घेणार, हे आईसमोर, आईला विचारून, एका कागदावर लिहा. कागदाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. आईचं म्हणणं पहिल्या ओळीत.

आणि गाव विसरू नका. दूधवाला, किराणावाला, समोरची शेजारीण, आशाताई, यांना सांगून ठेवा: सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही तर आत जाऊन बघायचं आणि मला फोन करायचा. दूधवाल्याला दारातलं भांडं तसंच दिसलं म्हणून दोन माणसं माझ्या माहितीत वाचली आहेत. फोन नंबर दारामागच्या भिंतीवर बोटाएवढ्या जाड अक्षरात लिहा, चष्म्याशिवाय वाचता येतील असे.

निघताना पुढच्या भेटीचा वार सांगा. ‘येईन परत’ असं म्हणू नका, ‘पुढच्या बुधवारी, दहा वाजता’ म्हणा. आणि बुधवारी जा. जमणार नसेल तर सकाळीच किराणावाल्याला फोन करून निरोप द्या, कारण आजींनी नऊपासून सोप्यात दुसरं बसकर टाकून ठेवलेलं असतं.